जुलैमध्ये बार्बाडोस, सेंट लुसिया आणि त्रिनिदाद : बॅगेत काय भरायचं आणि काय घरीच ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं पाच जणांचं कुटुंब : नवरा-बायको, १४ आणि ९ वर्षांची मुलं, आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आणि बीपी, इन्सुलिन चालू. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लंडनमार्गे बार्बाडोस, मग सेंट लुसिया, शेवटी त्रिनिदाद-टोबॅगो आणि परत मुंबई. सगळे शाकाहारी. बार्बाडोसला स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट, सेंट लुसियाला रिसॉर्ट, त्रिनिदादला गेस्ट हाउस. सोबत ताईंनी सामानाची यादी पाठवलीय आणि विचारलंय, यात काय कमी आहे, काय जास्त?

ताई, यादी नीट वाचली. पहिल्या अकरा ओळी खाण्याच्या आहेत, उन्हासाठी एक ओळ आहे, आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड कुठेच नाही. मी कॅरिबियनमधल्या (वेस्ट इंडिजच्या) या बेटांवर कुटुंबं आणि क्रिकेटचे गट घेऊन जाते. बहुतेकांच्या याद्या अशाच असतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. पण सुरुवात त्या कार्डापासूनच करते, कारण बाकी काही विसरलं तर तिथे मिळेल, हे मिळणार नाही.

पिवळ्या तापाच्या हिशेबात त्रिनिदाद हे बेट जोखमीचं धरलं जातं. बार्बाडोस आणि सेंट लुसिया त्यात नाहीत, टोबॅगोही नाही. आपल्याकडे हा आजार नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. म्हणून भारत सरकार या बाबतीत कडक आहे. जोखमीच्या भागातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. तुमचा शेवटचा मुक्काम त्रिनिदादच आहे, म्हणजे तुम्ही नेमक्या याच कात्रीत सापडता. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मुलांना अडचण नसावी, अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा. सासूबाईंचा प्रश्न वेगळा आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रास होण्याची शक्यता वाढते. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. ते नको म्हणाले, तर माझा सल्ला सरळ आहे : त्रिनिदाद वगळा आणि ते दिवस बार्बाडोसला जोडा. विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

हे कार्ड मूळ प्रत म्हणून, पासपोर्टसोबत, हातातल्या बॅगेत. त्याच पाकिटात प्रत्येक बेटावरून पुढे जायच्या तिकिटांच्या छापील प्रती ठेवा. बार्बाडोस, सेंट लुसिया आणि त्रिनिदाद-टोबॅगो हे तीन स्वतंत्र देश आहेत, इमिग्रेशनवाला दर वेळी विचारतो, ‘इथून पुढे कधी आणि कुठे?’ मोबाइलवर दाखवता येतं, पण पाच जणांची तिकिटं वायफाय नसताना शोधत बसणं म्हणजे मागच्या रांगेचे शिव्याशाप. राहण्याच्या जागेचा पत्ताही कागदावर असू द्या. व्हिसाचे नियम तिन्ही देशांचे वेगवेगळे आहेत, ते एकेकाचे स्वतंत्र तपासा. आणि लंडनला हीथ्रो विमानतळावर उतरून गॅटविक या दुसऱ्या विमानतळावरून पुढचं विमान असेल, तर तुम्ही ब्रिटनमध्ये प्रवेश करता. त्याला व्हिसा लागतो आणि सामानही तुमच्या हातात येतं. याचा बॅगेशी काय संबंध, ते पुढे येतंय.

आता खाण्याच्या अकरा ओळी. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तूप, गोडा मसाला, खोबऱ्याच्या वाट्या, पेढे, कुकर... ताई, तुम्ही त्रिनिदादला निघालाय. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाज तिथे पहिले हिंदुस्थानी मजूर घेऊन पोहोचलं आणि आज तिथल्या लोकसंख्येत साधारण एक तृतीयांशाहून जास्त लोक भारतीय वंशाचे आहेत. बाजारात वांग्याला ‘बैगन’ म्हणतात, पालेभाजीला ‘भाजी’, बटाट्याला ‘आलू’. सकाळी रस्त्याच्या कडेला गाड्यावर ‘डबल्स’ मिळतात : दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (त्यांना ‘बारा’ म्हणतात), मध्ये छोल्यांची भाजी, वर चिंचेची आणि ‘कुचला’ म्हणजे किसलेल्या कैरीची चटणी. पूर्ण शाकाहारी, स्वस्त, आणि खाताना कोपरापर्यंत ओघळ जातात, म्हणून ओले टिश्यू बॅगेत हवेत. डाळपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण, आत वाटलेली पिवळी डाळ. तिथे तूरडाळ घेऊन जाणं म्हणजे कोल्हापूरला मिरची नेणं. फक्त तिखटाच्या बाबतीत सावध. ‘पेपर?’ असं विचारलं की ‘स्लाइट’ म्हणायचं. तिथली स्कॉच बॉनेट मिरची सासूबाईंना झेपणार नाही.

बार्बाडोस आणि सेंट लुसियाला मात्र शाकाहाराची थोडी ओढाताण होते. दोन्हीकडे मोठी सुपरमार्केट आहेत, तांदूळ, डाळी, भाज्या, दही, ब्रेड सगळं मिळतं. पण ही बेटं बहुतेक सगळं बाहेरून मागवतात, त्यामुळे भाव पाहून पोटात गोळा येतो. हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मासे चालतात असं समजणारे वेटर भेटतात, आणि भाजीचा रस्सा कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असू शकतो. पेलाव नावाचा भात दिसायला मसालेभातासारखा, पण त्यात कोंबडी असते. कॅलालू ही पालेभाजी, तिच्यात कधी खेकडा टाकतात. म्हणून मांस, मासे, कोंबडी, अंडं नको आणि त्यांचा रस्साही नको, असं इंग्रजीत चार ओळींत लिहून तो कागद सरळ स्वयंपाकघरात पाठवायचा. माझे गट हे करतात आणि बिनधास्त जेवतात.

मग न्यायचं काय? बार्बाडोसच्या अपार्टमेंटपुरतं : पोह्या-उपम्याची तयार पाकिटं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची छोटी पाऊच, चहाचा मसाला, थोडा कोरडा चिवडा. पाच जणांना तीन-साडेतीन किलोच्या आत बसतं. कच्चा तांदूळ, बियाणं, ताजी फळं, कढीपत्त्याची डहाळी, आंबे हे सगळं घरी. बेटांचं कृषी खातं कीड येईल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं, आणि कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणून खूण करायची. ‘हो’ म्हटल्यावर बहुतेक वेळा एक नजर टाकून सोडतात. ‘नाही’ म्हणून सापडलं, की मग रामायण.

तूप आणि पेढे काढा. ब्रिटनमध्ये प्रवेश करणार असाल, तर भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, तुमची बॅग तिथे हातात आली तर तूप तिथेच जाईल. खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच निघतील. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, स्कॅनरवर दिसलं की बॅग उघडायला लावतात. आणि गोडा मसाला : तुमच्या घरच्या मसाल्यात खसखस आहे का? लंडनला दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल, तर खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत येते. मसाल्याच्या डब्यासाठी एवढी जोखीम कशाला? बिनखसखशीचा वेगळा करून घ्या किंवा नेऊच नका.

कुकर आणि किटलीबद्दल. कुकर वजनदार आहे, अपार्टमेंटमध्ये पातेली असतात. किटलीचं गणित मात्र समजून घ्या, कारण इथे प्रत्येक बेट आपला वेगळा खेळ खेळतं. बार्बाडोस आणि त्रिनिदादला वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकन धाटणीचा, दोन चपट्या पात्यांचा. सेंट लुसियाला वीज आपल्यासारखी २३० च्या आसपास, पण प्लग ब्रिटिश, तीन जाड चौकोनी पिनांचा. आपली १५०० वॉटची किटली बार्बाडोसला लावली की व्होल्टेज निम्मं आणि ताकद चौथाई, म्हणजे जेमतेम पावणेचारशे वॉट. दोन मिनिटांत उकळणारं अर्धा लिटर पाणी सात-आठ मिनिटं घेतं. बिघडत काही नाही, चहा उशिरा मिळतो. उलट बाजू धोक्याची आहे : अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेला ११० व्होल्टचा हेअर ड्रायर बार्बाडोसला छान चालेल आणि सेंट लुसियाला धूर सोडेल. मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप यांच्या चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ लिहिलेलं असतं, त्यांना फक्त ॲडाप्टर पुरतो. अमेरिकन धाटणीचे दोन, ब्रिटिश धाटणीचे दोन आणि आपला एक साधा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. एका ॲडाप्टरवर बोर्ड लावला की पाच मोबाइल एकदम चार्ज होतात. त्या बोर्डावर किटली किंवा इस्त्री लावायची नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.

कपड्यांची सुरुवात काय नेऊ नये इथून करते. मुलाच्या सामानात तुम्ही ‘मिलिटरी रंगाची कार्गो हाफपँट’ लिहिलीय. ती काढा. बार्बाडोस, सेंट लुसिया, त्रिनिदाद आणि या भागातल्या इतरही अनेक देशांत लष्करी ठिपक्याठिपक्यांचा कॅमफ्लाज कपडा नागरिकांनी वापरणं कायद्याने गुन्हा आहे. टोपी, पिशवी, लहान मुलाचा टी-शर्ट, सगळं त्यात आलं. आमच्या गटातल्या एका मुलाची टोपी विमानतळावरच काढून घेतली होती, पोरगं दिवसभर तोंड फुगवून बसलं. साधा खाकी किंवा मेंदी रंग चालतो, नक्षी नको.

बाकी कपडे हलके, सुती किंवा लिनन, आणि लवकर वाळणारे. जीन्स एकच, विमानात घालायला. तिथली दमट हवा जीन्स दोन दिवस वाळू देत नाही. माणशी पाच-सहा जोड पुरतात, कारण सतत वारा असल्याने पातळ कपडे रात्रीत वाळतात. चार मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे घ्या. हॉटेलच्या गच्चीतून वाऱ्याने उडालेले टॉवेल शेजारच्यांच्या आवारातून मागून आणण्याचा कंटाळा येतो.

पोहण्याचे कपडे प्रत्येकी दोन जोड : एक अंगावर, एक वाळत. रिसॉर्टच्या तलावात सुती पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत, पोहण्याचंच कापड लागतं. सासूबाईंना आणि तुम्हाला अंग झाकलेलं हवं असेल, तर पूर्ण बाह्यांचा स्विम टॉप आणि घोट्यापर्यंतची स्विम लेगिंग घ्या. आपल्याकडे खेळाच्या मोठ्या दुकानांत मिळते. यात संकोचही सुटतो आणि पाठ, दंड भाजत नाहीत. मुलांनाही पूर्ण बाह्यांचेच टॉप. मात्र किनाऱ्यावरून दुकानात, बँकेत किंवा बसमध्ये जाताना वर कपडे हवेत. तिथली माणसं या बाबतीत आपल्याइतकीच जुन्या वळणाची आहेत. दुकानात शिरल्यावर आधी ‘गुड मॉर्निंग’, मग काम. न बोलता थेट भाव विचारला की चेहरे बदलतात.

सेंट लुसियाच्या रिसॉर्टमध्ये रात्रीच्या जेवणाला बऱ्याच ठिकाणी पुरुषांना पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट लागतात. तुमच्या मिस्टरांच्या यादीत फक्त बर्म्युडा दिसतायत. बुकिंगच्या मेलमध्ये ड्रेस कोड लिहिलेला असतो, वाचून घ्या. बायकांना काहीच प्रश्न नाही, हलकी साडी किंवा कुर्ता उत्तम. पैठणी नको. घाम, खारा वारा आणि समुद्राचं पाणी, तिघांची तिच्याशी दुष्मनी आहे. एक शाल किंवा जाड स्टोल मात्र हवीच : त्रिनिदाद-टोबॅगोमधली फेरी बोट, मॉल, विमानं सगळीकडे एसी इतका कडक, की बाहेर घाम आणि आत हुडहुडी.

सेंट लुसियात सुफ्रियेरला सल्फर स्प्रिंग्जला जाणार, असं तुम्ही लिहिलंय. ज्वालामुखीच्या गंधकाच्या चिखलाने अंग माखायचं आणि मग कोमट पाण्यात धुवायचं. मुलांना फार आवडतं. तिथे जुना, गडद रंगाचाच पोहण्याचा पोशाख घाला, चिखलाचे डाग जात नाहीत. आणि चांदी आधी उतरवा. गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते. एका काकूंच्या जोडव्या अर्ध्या तासात तव्यासारख्या झाल्या, संध्याकाळी त्या बाथरूममध्ये टूथपेस्टने घासत बसल्या होत्या. पैंजण, जोडव्या, चांदीचा करदोटा, सगळं हॉटेलच्या लॉकरमध्ये. खरं तर सोन्याचे दागिनेही घरीच ठेवा, मंगळसूत्र हवंच असेल तर छोटं किंवा खोट्या मण्यांचं.

आता ऊन. ‘आम्ही नाशिकचे, आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे मी प्रत्येक गटात ऐकते आणि तिसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या खांद्याला कोरफड लावते. बार्बाडोस विषुववृत्तापासून १३ अंशांवर आहे, जुलैत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर जातो. पारा तिशीच्या आसपासच असतो आणि व्यापारी वारे सतत अंगावर येत असतात, म्हणून चटका जाणवत नाही. बोटीत बसलात की खालून पाणीही ऊन परत फेकतं. त्वचा भाजल्याचं रात्री झोपताना कळतं. क्रिकेटसाठी येणारे तर दिवसभर उघड्या स्टँडवर बसतात. गावसकरांनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या कसोटी मालिकेत ७७४ धावा काढल्या, त्या याच उन्हात.

तुम्ही पाच जणांसाठी सनस्क्रीनची ५० मिलिलिटरची एक ट्यूब लिहिलीय. मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला एकदा नीट लावायला साधारण ३० मिलिलिटर लागतं आणि दर दोन तासांनी, पोहून आल्यावर पुन्हा लावायचं असतं. म्हणजे तुमची ट्यूब पहिल्याच सकाळी संपते. पूर्ण बाह्यांचे कपडे घेतले तर गरज बरीच कमी होते, तरीही एसपीएफ ५० च्या किमान पाच-सहा मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेत टाका. तिथे मिळतं, पण किंमत ऐकून ऊन परवडेल असं वाटतं. झिंक ऑक्साइडचं घेतलंत तर उत्तम. अरुबा, बोनेर आणि अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवर ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांसाठी बंदीच आहे. तुम्ही तिकडे जात नाही, पण टोबॅगोला बक्कू रीफवर काचेच्या तळाच्या बोटीने जाणारच आहात, तिथली प्रवाळं काही वेगळ्या दगडाची नाहीत. कडेने पूर्ण गोल आणि हनुवटीखाली बांधायची नाडी असलेली टोपी घ्या. बिननाडीची टोपी पहिल्या बोटीत उडते. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार झपकन पडतो, संधिप्रकाश रेंगाळत नाही, म्हणून टॉर्चही हवा. त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रांद रिव्हिएरला मोठी चामडी कासवं अंडी घालायला येतात, हंगाम मार्च ते ऑगस्ट. तिथे पांढरा उजेड चालत नाही, टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन घड्या करून रबर लावून घ्या. मोबाइलचा फ्लॅश बंद.

पायांसाठी तीन प्रकार : मागे पट्टा असलेली सँडल, पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट, आणि एक बंद बूट. पाण्यातले बूट भारतात स्वस्त मिळतात, सगळ्यांसाठी घ्या. प्रवाळांचे तुकडे आणि समुद्री साळींदराचे काटे एकदा तळपायात गेले की दोन दिवस खुर्चीत. फ्लिप-फ्लॉप किनाऱ्यापुरत्या. तुम्ही त्रिनिदादला ला ब्रेच्या पिच लेकवर जाणार असाल, नैसर्गिक डांबराचं ते तळं आहे, तिथे जुने, टाकाऊ चालतील असेच जोडे घाला.

किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट बॅगेत येत नाही, पण मुलांना आधीच सांगा. मॅन्चिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, छान सावली. फळ विषारी, चीक कातडी सोलतो, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. बार्बाडोसला बऱ्याच खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी असते. पाऊस आला की मुलं झाडाखाली पळतात, म्हणून सांगतेय.

औषधं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, थंड पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. तिन्ही बेटं भारताच्या साडेनऊ तास मागे आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, विमानात हिशेब करत बसू नका. बाकी गोळ्या मूळ पट्ट्यांमध्येच, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या. आपली क्रोसिन तिथे कुणाला कळणार नाही, तिकडे पॅरासिटामॉलला पॅनाडॉल म्हणतात. ओआरएसची पाकिटं, जुलाबाची गोळी, ॲलर्जीची गोळी, आणि ॲव्होमिन. ॲव्होमिन भरपूर घ्या : सेंट लुसियाचा रस्ता अख्खा घाट आहे, आणि टोबॅगोची फेरी बोट वाटेत चांगलीच हलते. मच्छरांसाठी २० ते ३० टक्के डीट किंवा पिकारिडिनचा स्प्रे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या तिथेही आहेत, आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना चावतात. कॅरोनीच्या पाणथळ जंगलात लाल शराटी पक्षी पाहायला संध्याकाळची बोट असते, त्या दिवशी पूर्ण पँट आणि बाह्या. चष्मा असलेल्या प्रत्येकाने जुना जादा चष्मा घ्यावा, लाटेने नेलेले चष्मे परत येत नाहीत.

औषधं किती दिवसांची? सहलीच्या दिवसांवर आणखी आठवड्याची. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत तिकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो. २९ जून २०२४ ला भारताने ब्रिजटाउनला टी-२० विश्वचषक जिंकला, तो तुम्ही पाहिला असेलच. जिंकल्यावर आपला संघ बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन तिथेच अडकला आणि ४ जुलैला भारतात पोहोचला. त्यांच्यासाठी खास विमान आलं, आपल्यासाठी येत नाही. जुलैमध्ये वादळ येईलच असं नाही, आणि त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेने जातात. पण जादा औषधं, प्रवास विमा आणि चार्ज केलेल्या पॉवर बँका एवढी तयारी हवी. रोजचा पाऊस मात्र आपल्या कोकणातल्यासारखा मुक्कामाला येत नाही, वीस मिनिटं कोसळतो आणि ऊन. छत्री वाऱ्याने उलटते, ती नकोच. पातळ रेनकोट किंवा पोंचो पुरे, आणि मोबाइल-पासपोर्टसाठी झिप असलेल्या प्लास्टिक पिशव्या.

बॅगा. दोन मोठ्या कडक ट्रॉल्यांऐवजी मऊ, मध्यम तीन बॅगा घ्या. बेटांमधली विमानं छोटी, पंख्यांची, एटीआर धाटणीची, वरचे कप्पे अरुंद, तुमची केबिन ट्रॉली दारातच काढून पोटात टाकतात. कधी सामान पुढच्या विमानाने येतं. त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवरच्या बॅगेत एक जोड कपडे, एक पोहण्याचा पोशाख आणि त्या दिवसाची औषधं. ट्रॉली काढून घेतली तर इन्सुलिन त्यात जाता कामा नये, ते सासूबाईंच्या खांद्यावरच्या पर्समध्ये.

पैशांसाठी डॉलरचं फॉरेक्स कार्ड आणि १, ५, १० च्या सुट्ट्या अमेरिकन नोटा. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबर निम्मा, दोनास एक. सेंट लुसियाला पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला. टॅक्सी, किनाऱ्यावरच्या खुर्च्या, नारळपाणी हे अमेरिकन नोटांत चालतं, पण सुट्टे परत स्थानिक चलनात मिळतात. त्रिनिदादला मात्र स्थानिक पैसे काढून घ्या, डबल्सवाला ५० अमेरिकन डॉलरची नोट पाहून हसतो. पाण्याची रिकामी बाटली प्रत्येकी एक : बार्बाडोसचं नळाचं पाणी प्रवाळी चुनखडीतून गाळून येतं, पिण्यायोग्य आहे, रोज बाटल्या विकत घेण्याचे पैसे वाचतात.

जाताना बॅगेत चार-पाच किलोची जागा मोकळी ठेवा. सेंट लुसियाचे कोकोचे दांडे, त्रिनिदादची कुचला चटणी आणि पेपर सॉस, बार्बाडोसची रम यांना ती लागतेच. काचेच्या बाटल्या मोज्यात घालून मऊ कपड्यांच्या मध्ये, चेक-इन बॅगेतच. वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी होते, हातातल्या बॅगेतली चटणी तिथे अडू शकते.